पहिला तांब्या

नागुबाई एखाद्या घरी यायची तेव्हा आधी तिचा आवाज आत शिरायचा आणि मग ती. "उठली का गं बाळंतीण? का अजून मोबाइल बघत लोळतीय?" उणकलच्या तळ्यापासून विद्यानगरपर्यंत ज्या ज्या घरात पाळणा हलला, त्यातल्या निम्म्या घरांनी तरी हा आवाज सव्वा महिना ऐकला असेल. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणं हे तिचं काम. सासू हिराबाईच्या हाताखाली ती ते शिकली, नवरा गेल्यावर त्यावरच घर चालवलं आणि एकुलत्या एका लेकीला, राणीला, वाढवलं.

तिचं शास्त्र साधं होतं, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. बाळ झोपलं की आईनं झोपायचं. गरम पाणी प्यायचं, शेपू-मेथी खायची, डोक्याला रोज तेल, अंगाला मसुराचं पीठ आणि साय, आणि सव्वा महिना झाला की तळ्याला एक फेरी. विद्यानगरातल्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या पोरीनं तिला आपल्या बाटल्या दाखवल्या होत्या, सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी. नागुबाईनं त्या सगळ्या उचलून माळ्यावर ठेवल्या. "डोळ्याखालचं काळं बाटलीनं जातंय व्हय? झोप की जरा!" पोरगी आधी फुरंगटली, पण चाळीस दिवसांनी आरशात बघून स्वतःच लाजली. एखादी सासू हळूच म्हणायची, बाळ जरा गोरं होईल असं काही लावा, तर नागुबाई तिथंच फणकारायची, "मी गोरं करायला येत नाही हो. कातडी निरोगी करायला येते. रंग ज्याचा त्याला लखलाभ."

आणि स्वतःचं म्हणाल तर सगळा आनंदीआनंद! रोज चार घरं, चार घरी दुधाळ गोडमिट्ट चहा आणि वर डिंकाचा लाडू. नको म्हणायला जीभ रेटायची नाही, आणि त्याला कारण होतं. ती नवी सून म्हणून हिराबाईबरोबर कामाला जायची तेव्हा यातल्या काही घरांत त्यांचा चहा परसात, फुटक्या कपातून यायचा. बाळ यांच्या मांडीवर चालायचं, कप मात्र वेगळा. आता त्याच घरांत तिला स्वयंपाकघरात बसवून घरातल्याच पेल्यातून चहा मिळत होता. तो पेला तिनं तीस वर्षं खपून मिळवला होता, तो साखर जास्त आहे म्हणून कोण परत करेल? मध्ये वर्षभर तिच्या पायांना मुंग्या येत होत्या. मग मुंग्याही यायच्या थांबल्या. बरं झालं बाई, गेलं दुखणं, असं ती म्हणाली आणि विसरून गेली.

बाळाला न्हाऊ घालायची तिची रीत हिराबाईची. न्हाणीत पाटावर बसायचं, दोन्ही पाय लांब पसरायचे, नडग्यांच्या खोबणीत बाळ निजवायचं. पण बाळाला घ्यायच्या आधी पहिला तांब्या आपल्या पायांवर ओतायचा. हिराबाई सांगायची, "हातावर भरवसा ठेवू नको गं. कढत पाण्यात हात घालून घालून आपले हात राठ झालेत, ते खोटं सांगतात. पाय खरं सांगतात." पायाला सोसेल ते पाणी बाळाला. चटका बसला तर विसण घालायचं, गार लागलं तर हंड्यातलं ऊन पाणी मागायचं. तीस वर्षांत नागुबाईचा अंदाज एकदाही चुकला नव्हता.

एवढी परकी बाळं पायावर घेतली, पण स्वतःच्या लेकीचं बाळ काही तिच्या पायावर येईना. राणीला अळणावरला देऊन नऊ वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि गेले. सासरच्या बायका तोंडावर बोलायच्या, पाठीमागेही बोलायच्या. एकदा तर राणी सणासुदीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं एकटीच आली आणि आईच्या मांडीत डोकं घालून म्हणाली, "आई, जावेच्या बाळाला मी हातसुद्धा लावायचा नाही म्हणे." नागुबाईनं तेव्हा अळणावरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. या वर्षी मात्र राणीला आठवा सरून नववा लागला आणि ती बाळंतपणाला आईकडे आली. नागुबाईनं जुनी मऊ लुगडी फाडून दुपटी शिवली. पाट घासून वाळत घातला. दिवसातून दहा वेळा म्हणायची, "माझ्या पायावर येऊ दे एकदा, मग बघ कशी काया होते पोराची."

त्याच महिन्यात ती अंबूताईंकडे जात होती. अंबूताईंचं बाजारात कापडाचं दुकान, मूळची माणसं सांगलीकडची. त्यांची लेक भाग्यलक्ष्मी माहेरी बाळंत झाली होती. घरात सून होती रेखा, लग्नाला सहा वर्षं झालेली, पदरी मूल नाही. परसातल्या चुलीवर हंडा तापवायचा, बादल्या भरून न्हाणीत आणायच्या, नागुबाई मागेल तसं पाणी घालायचं, हे सगळं रेखाकडे. बोलायची कमी. बाळ रडलं की दाराआडून टक लावून बघत राहायची, एवढंच.

त्या सोमवारी नागुबाईनं नेहमीसारखा पहिला तांब्या पायांवर ओतला. "गार आहे की गं, रेखा. आण अजून."

रेखानं एक कळशी ऊन पाणी ओतलं. नागुबाईनं पुन्हा पायांवर घेतलं. "अजून जरा."

रेखा घुटमळली. "अक्का, वाफा येतायत..."

"मला शिकवू नको. ओत."

बाळाला पायावर घेऊन तिनं पाठीवर तांब्या रिता केला आणि बाळानं असा टाहो फोडला की बाहेरच्या खोलीतून भाग्यलक्ष्मीनं विचारलं, काय झालं? "काही नाही, रडू दे, छाती मोकळी होते!" नागुबाई ओरडली आणि दुसरा तांब्या ओतला. मग पंचात गुंडाळताना पाठ दिसली. लालभडक, आणि कमरेवर रुपयाएवढा फोड.

घरात एकच हलकल्लोळ उडाला. भाग्यलक्ष्मी बाळाला छातीशी धरून आक्रोश करायला लागली, अंबूताई न्हाणीत आल्या, बादलीत बोट घालून किंचाळल्या आणि थेट रेखावर गेल्या. "तू ओतलंस ना? कढत ओतलंस ना? बघवत नाही तुला!" रेखानं नागुबाईकडे बघितलं. नागुबाई खरंच गोंधळली होती. तिच्या पायाला पाणी कोमट लागलं होतं, त्याची ती शपथ घेऊ शकली असती. आपण बाळ घेत होतो तेवढ्यात हिनं मागून काही ओतलं की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं. ती गप्प राहिली. बाळाला दवाखान्यात नेलं, मलम मिळालं, डॉक्टर म्हणाले भरून येईल, जीवावरचं नाही.

संध्याकाळी नागुबाई दारात पाय सोडून बसली होती. राणी भाजी निवडत होती. निवडता निवडता थांबली.

"आई, पायाला काय झालं गं?"

नागुबाईनं खाली बघितलं. दोन्ही पायांवर, घोट्याच्या वर, पाण्यानं टरारलेले मोठे फोड आले होते. एक फुटून कातडी लोंबत होती. आणि तिला काहीही कळलं नव्हतं. दिवसभर या पायांनी ती चालली, आणखी दोन घरी गेली, बाजारातून भाजी आणली.

"चुलीजवळ ठिणगी उडाली असंल," ती म्हणाली आणि लुगड्यानं पाय झाकले. राणी आत गेल्यावर तिनं केसातला आकडा काढून नडगीला टोचला. मग जरा वर टोचला. गुडघ्याच्या खाली चार बोटांवर आल्यावर कुठं तिला कळ कळली. मग सगळाच उलगडा झाला. पाणी कढतच होतं. रेखानं सांगितलं होतं. पाय खोटं बोलले होते.

आता खरं तर काय करायचं ते सरळ होतं. उठायचं, जायचं, सांगायचं. पण सांगितलं की राणीला कळणार. आणि जिनं परक्याचं बाळ भाजलं, तिच्या पायावर राणी आपलं बाळ देईल? नऊ वर्षांनी आलेलं बाळ? नागुबाईनं स्वतःला बजावलं की बाळ बरं होतंय, चार दिवसांत घरातलेही विसरतील, सासूचं बोलणं कुठल्या सुनेला चुकलंय! माणूस स्वतःशी किती गोड बोलतं बघा.

मंगळवारी ती गेली. बाळाला अंघोळ नव्हतीच, फक्त भाग्यलक्ष्मीला तेल लावलं. बुधवारीही गेली. अंबूताईंनी चहा दिला, तिनं तो खाली मान घालून प्यायला. रेखा परसात एकटी भांडी घासत होती. तिला आता हंड्याजवळ येऊ देत नव्हते, पाळण्याच्या खोलीतही नाही.

गुरुवारी शेजारच्या बाई बाळाला बघायला आल्या. अंबूताई रेखाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "स्वतःची कूस उजवली नाही, मग दुसऱ्याचं कसं बघवेल? बाळाला हातसुद्धा लावू देत नाही मी आता तिला."

तेलाची वाटी नागुबाईच्या हातात तशीच राहिली. हेच शब्द तिनं आधी ऐकले होते, स्वतःच्या मांडीत डोकं घालून रडणाऱ्या पोरीच्या तोंडून.

"अंबूताई," ती म्हणाली, "रेखानं काही केलं नाही. मी भाजलं बाळाला. ती नको म्हणत होती, मीच ओत म्हणाले." आणि तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. "हे बघा. मला कळलंच नाही. माझे पाय मेलेत."

शेजारच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. भाग्यलक्ष्मी बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटलं. मग अंबूताई म्हणाल्या, "सोमवारी कळलं तुला?"

"सोमवारी संध्याकाळी."

"आणि तीन दिवस माझ्या घरात बसून चहा पीत होतीस? उद्यापासून येऊ नको. आणि बाकीच्या घरांनाही सांगते मी."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. परसातून बाहेर पडताना नागुबाई रेखापाशी थांबली. हात जोडले. रेखा हात धुऊन उभी राहिली, तिचे डोळे सुजलेले होते. "सोमवारीच सांगितलं असतंत तर," ती एवढंच म्हणाली. "काल यांनीसुद्धा मला विचारलं, खरं सांग, मुद्दाम केलंस का म्हणून." मग ती पुन्हा भांडी घासायला बसली. अंबूताईंनी सुनेची माफी मागितली असं पुढे कधी कुणाच्या ऐकण्यात आलं नाही.

त्या रात्री तिनं राणीलाही सगळं सांगितलं. शुक्रवारी राणीनं आईला सरकारी दवाखान्यात नेलं. नववा महिना भरलेली पोर, एका हातानं पोट धरलेलं आणि दुसऱ्या हातानं आईला. रक्तातली साखर बघून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. कन्नडमध्ये विचारलं, इतकी वर्षं कधीच तपासलं नाही? गोड किती खाता? अनवाणी चालता? रोज पाय निरखून बघता का? नागुबाई खाली मान घालून ऐकत होती. असंच सगळं ती दुसऱ्यांना विचारत आली होती. जखमा भरतील, त्या म्हणाल्या, पण गेलेली जाणीव बहुतेक परत यायची नाही.

घरं सुटली. एकाही घरानं पुन्हा निरोप पाठवला नाही. नागुबाई गोळ्या घ्यायला लागली, बिनसाखरेचा चहा प्यायला लागली, रोज सकाळी बुद्धवंदना झाली की आरसा धरून तळपाय बघायला लागली. राणी तिच्यावर एकदाही चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

मग राणीला मुलगी झाली. काळीसावळी, भरल्या अंगाची, डोकंभर जावळ. घरी आणल्यावर न्हाऊ घालायचं कुणी, हा प्रश्न नागुबाईनंच सोडवला. पलीकडच्या गल्लीतल्या बाईंना सांगून ठेवलं आणि पाट त्यांच्यासाठी न्हाणीत नेऊन ठेवला.

राणीनं त्या बाईंना दारातूनच परत पाठवलं. "आई, तूच घालायचं."

"वेडी आहेस काय? माझे पाय..."

"पाणी मी बघते. विसण मी घालते. तांब्यापण मी ओतते. तू नुसती घे तिला पायावर. नऊ वर्षं बोललीस ना?"

नागुबाईनं नाही म्हणायचा प्रयत्न केला, पण तिचं मन केव्हाच पाटावर जाऊन बसलं होतं. तिनं पाय पसरले, जखमांच्या जागी आता गुलाबी कातडी आली होती. राणीनं बादलीत कोपर बुडवून पाणी बघितलं, पुन्हा बघितलं, मग पोरीला उघडं करून हळूच आईच्या नडग्यांवर निजवलं आणि स्वतः शेजारी उकिडवी बसून एक हात तिच्या मानेखाली ठेवला.

पोर रडली नाही. पाय झाडायला लागली. इवल्या टाचा नागुबाईच्या नडगीवर आपटत होत्या, एकदा, दोनदा, जोरात. नागुबाई बघत राहिली. राणीनं पाणी ओतलं, ते पोरीच्या पोटावरून ओघळून नागुबाईच्या पायांवरून खाली गेलं.

"कशी आहे गं आई?" राणीनं हसत विचारलं. "जड आहे ना?"

नागुबाईनं तोंड उघडलं. आहे की, चांगली जड आहे, असं तिला म्हणायचं होतं. पण खोटं बोलून एकदा भोगून झालं होतं.

"राणे," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं, "मला ती कळतच नाही गं. डोळे मिटले तर पायावर कुणीच नाही. तू घे तिला, माझ्या राणी, तुझ्या पायावर घे. मी सांगते कसं घालायचं."