बाळ नसलेलं बाळंतपण

आमचा मुलगा सोमवारी दुपारी गेला. त्याला ताप होता. मी त्याला हातावर घेऊन बसले होते. सासूबाईंनी त्याला माझ्याकडून घेतलं आणि पुरुषांकडे दिलं. ते त्याला घेऊन शेताकडे गेले आणि संध्याकाळी परत आले. त्याचं बारसं झालं होतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही कसबा बावड्यात राहत होतो. माझी आई माझ्या लग्नाआधीच वारली होती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच झालं. मी शहरात मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमटी ढवळतानाही एका हातात पुस्तक धरायची माझी सवय होती. सासूबाईंचा आवाज एका रानातून दुसऱ्या रानात जाईल असा. आम्हा दोघींचं भांडण कधी झालं नाही, पण बोलणंही फारसं नव्हतं. त्या सांगायच्या, मी 'हो आत्या' म्हणायची, तेवढंच.

मी रडले नाही. बायका येऊन बसायच्या, गळ्यात पडायच्या, आणि मी त्यांना पाणी द्यायला उठायची. सुतक फिटायच्या सुमाराला केस विंचरायला बसले, तेव्हा लक्षात आलं की डावा हात वर जात नाही. कोपरात दुमडलेला, छातीशी धरलेला, तळवा वर. बाळ शेवटी त्याच हातावर होतं. मी उजव्या हातानं डाव्याला ओढून पाहिलं. तो हलला नाही. दुखतही नव्हता. मी सांगायची आणि तो ऐकायचा नाही, जसा माझा नव्हताच.

नवऱ्यानं मला शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. ते चांगले होते. हात नीट तपासून म्हणाले, "हाड, सांधा, सगळं ठीक आहे. मनाला धक्का बसलाय. हळूहळू येईल." दूध आटायच्या गोळ्या दिल्या. येताना नवऱ्यानं एकदाच विचारलं, "तुला सरळ करावासा वाटतोय का?" मला काय वाटत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. हात उघडला तर बाळ खरोखरच गेलं असं होईल. आणि हात असाच राहिला तर मीही कुठल्या कामाची उरणार नाही, हेही दिसत होतं. साडी नेसायला सासूबाई लागायच्या. फळ्यावर उजव्या हातानं लिहिता आलं असतं, पण वर्गासमोर अशा हातानं उभी राहिलेली मी मला दिसेना.

बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायला एक बाई यायची. ती बंद झाली. तिला आणखी घरं होती, तिथं तान्ही लेकरं होती. ज्या घरातून मूल गेलं तिथून उठून त्यांच्या टाळूला हात कसा लावायचा, असं तिचं म्हणणं. कुणी तिला बोल लावला नाही. बाळंतिणीचं तेल, शेक, धुरी हे मूल असेपर्यंत. मूल गेलं की बाळंतपण संपलं, अशीच रीत होती, आणि मीही तसंच धरून चालले होते.

सुतक फिटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीतून हाक आली.

"ए पोरी, ये हिकडं. तेल निवतंय."

चुलत सासूबाई दारातच शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, आता कुणासाठनं चोळतीस तिला? दूध कुणाला पाजायचं हाय?"

"लेकरू गेलं," सासूबाई आतूनच ओरडल्या, "बाळंतीण हाय की! का तिलाबी पोचवून आलासा?"

शेंगा फोडायचा आवाज थांबला. मी आत गेले.

न्हाणी लहान होती. चुलवणात चिपाडं जळत होती, वर पाण्याचा हंडा. सासूबाईंनी पदर खोचला आणि माझी पाठ चोळायला घेतली. त्यांच्या तळव्यांना खुरप्यानं घट्टे पडले होते आणि ते पाठीवर खरखरत होते. पाठ, कंबर, पोटऱ्या, पावलं, उजवा हात. डाव्याला त्यांनी बोटही लावलं नाही. मग कडकडीत पाणी, आणि बाजेखाली शेगडी.

असं रोज चाललं. बाहेर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, मळीचा वास घरात येऊ लागला, उसाच्या गाड्यांची रांग दारापर्यंत लागायची. शेतावर कितीही काम असलं तरी सासूबाई आधी मला न्हाऊ घालायच्या. पावलांना ऊब लागली की ती माझीच पावलं आहेत, हे मला अधूनमधून कळू लागलं. त्याआधी कळत नव्हतं, हेही तेव्हाच कळलं.

एकदा मीच विचारलं, "आत्या, या हाताला का नाही चोळत?"

"त्याला कशाला छेडू? धरलंय त्यानं. धरू दे."

आणखी काही दिवसांनी, पाठ झाल्यावर, त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि दोन्ही पाय समोर लांब केले. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना बाई बसते तशा.

"ये. पायावर नीज."

"मी?"

"मग काय शेजारणीला बोलवू? ये."

मी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. पाठ त्यांच्या नडग्यांवर, डोकं पावलांशी, आणि माझे पाय त्यांच्या कमरेला वळसा घालून भिंतीला लागले. त्या हसल्या.

"लय लांब हाईस गं. उसाच्या कांडीगत वाढलीस. पाय पुरंनात माझं."

मलाही हसू आलं. बाळ गेल्यानंतरचं पहिलं. त्यांनी माझ्या कपाळावर, गालांवर, छातीवर तेल फिरवलं. मग बाळाला करतात तसं, उजवा हात धरून डाव्या गुडघ्याकडे नेला आणि परत उघडला. पुन्हा नेला, पुन्हा उघडला. तोंडानं लहान मुलाशी बोलतात तसं चाललं होतं, "हात लांब, पाय लांब, शाणं माझं." त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग, जणू त्यात काही विशेष नाही अशा रीतीनं, त्यांनी डावं मनगट धरलं.

हात गेला. त्यांनी ओढला नाही, मीही ढकलला नाही. कोपर उघडलं, तळवा उलटा झाला आणि हात न्हाणीच्या ओल्या फरशीवर पसरला. मी मान वळवून त्याच्याकडे बघत राहिले. माझा हात इतका लांब आहे, हे मला जणू ठाऊकच नव्हतं.

मग छाती भरून आली आणि दूध आलं. गोळ्या कधीच संपल्या होत्या, दूध आटलं असं सगळे धरून चालले होते. ते तेलावरून ओघळून खाली गेलं. मी घाबरून दोन्ही हातांनी झाकायला गेले. दोन्ही हातांनी.

"झाकू नगंस," सासूबाई म्हणाल्या. "येऊ दे. त्याचंच हाय ते."

मी रडले. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. घरात आणि रस्त्यावर सगळ्यांना ऐकू गेलं असणार. सासूबाईंनी मला गप्प केलं नाही. रडणं ओसरल्यावर त्यांनी तांब्यानं पाणी घातलं, आणि माझी टाळू भरली. माझ्या मोठ्या, केसाळ डोक्यावर त्या तेल जिरवत होत्या आणि त्यांच्या बोटांखाली मला सगळं कळत होतं: चुलवणाची धग, फरशीचा गारवा, पोटातली भूक.

पुढं पुस्तकांत वाचलं की दुःख शरीरात अडकतं, आणि काही ठिकाणी स्पर्शानं, हालचालीनं त्यावर उपचार करतात. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. जे घडलं त्याचं कारण मला त्यात थोडं सापडलं. पण त्या सकाळचा अचंबा कमी झाला नाही. एक माणूस दुसऱ्याला पायावर घेतं आणि बंद झालेला हात उघडतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सासूबाई आता नाहीत. माझा हात सरळ आहे. मुलाचा फोटो कधी काढला नव्हता आणि त्याचा चेहरा मला आता नीट आठवत नाही. त्याचं वजन आठवतं.