हजारपट वाढलेला डी-डायमर

“मॅडम, बाबांचा डी-डायमर एका दिवसात हजारपट झालाय! ॲम्ब्युलन्स निघालीय.”

फोन बंगळूरच्या बेळ्ळंदूरहून अनिकेतचा होता. कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती. मी के. आर. पुरमच्या एका लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट होते आणि हा पुण्याचा आयटीवाला मॅनेजर घरी वडिलांच्या रक्ताचा डॅशबोर्ड चालवत होता. सीआरपी, फेरिटिन, आयएल-सिक्स, सगळ्यांचे ग्राफ. त्यावर रोज सकाळी घरच्यांची स्टँड-अप मीटिंग.

हे मार्कर म्हणजे आपली प्रतिकारशक्ती विषाणूशी झुंजताना रक्तात उमटणाऱ्या खुणा. झुंज हाताबाहेर गेली की आकडे चढतात. डी-डायमर रक्तातल्या गुठळ्या विरघळताना तयार होतो. तो वाढला तर काळजी करावी, पण एका दिवसात हजारपट वाढवणं करोनालाही जमत नव्हतं.

मी रिपोर्ट उघडले. आमचा आकडा ४१०, आदल्या दिवशीचा दुसऱ्या लॅबचा ०.४१. ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, आम्ही नॅनोग्रॅममध्ये. एकच वजन किलोत आणि ग्रॅममध्ये सांगावं तसं. दोन्ही नॉर्मल.

“अरे, युनिट वेगळं आहे. बाबा ठीक आहेत.”

“पण ग्राफ बघा ना! सरळ वर गेलाय.”

“ग्राफ राहू दे. व्हिडिओ लाव, बाबांना दाखव.”

लोक एकेका बेडसाठी वणवण फिरत होते आणि हा बऱ्या होत आलेल्या माणसाला आयसीयूत टाकायला निघाला होता.

बाबा बोटाला ऑक्सिमीटर लावून उपमा खात होते.

“बाबा, तुम्ही रेडमध्ये आहात,” अनिकेत म्हणाला.

“असेन. लिंबू दे.”

तेवढ्यात बेल वाजली. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने दारातूनच पेशंट कोण ते विचारलं, “पेशंट यारु, सर?” त्याने बाबांकडे पाहिलं, मग उपम्याकडे.

अनिकेतची आई लिंबू घेऊन आली. “यांचा... स्वेटर... भरू का?” शब्दाशब्दाला थांबत होती. एक हात भिंतीला.

“काकू, दम लागतोय का?”

“छे. सकाळपासून... ओट्याशी... उभी आहे ना.”

“अनिकेत, आईचे रिपोर्ट कुठे आहेत?”

“आईला फक्त कणकण आहे, मॅडम. ती डॅशबोर्डवर नाहीये.”

माझं डोकंच फिरलं. “बाबांच्या बोटाचं ते काढ आणि आईला लाव. आत्ताच्या आत्ता!”

ऑक्सिजन ८२.

“मशीन बिघडलंय,” म्हणत बाबांनी ते परत स्वतःच्या बोटाला लावलं. ९६. मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि बायकोला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

अनिकेतने बाबांसाठी बेड धरला होता त्या होसकोटेच्या हॉस्पिटलला मी स्वतः फोन केला. “पण बेड तर पुरुष पेशंटच्या नावावर आहे,” ड्यूटी डॉक्टर कुरकुरले. “मग नाव बदला,” मी म्हटलं. त्यांनी बदललं. काकू ऑक्सिजनवर राहिल्या आणि बऱ्या होऊन घरी आल्या. अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

पुढे अनिकेतची आभाराची मेल आली. विषय होता, ‘रूट कॉज: युनिट मिसमॅच’.

मी उलट लिहिलं, ‘युनिट चुकलं म्हणून तुझी आई वाचली. रूट कॉज घरात शोध.’