जपानहून आणलेलं कोळपं

माझं जपानमधलं वर्ष संपत आलं तेव्हा भात कापून, झोडून घरात आलं होतं. रिकाम्या खाचरांत सकाळी दव गोठलेलं असे आणि त्यावरून चाललं की पायाखाली करकर वाजे. तेवढ्या थंडीतही मी रोज एकदा शेताला फेरी मारून येई. आता इथे आपलं काही काम उरलं नाही, हे पायांना पटत नव्हतं.

मी तेव्हा चोविशीत होतो. मुरबाडच्या पुढे, म्हशाच्या वाटेवर आमचं गाव. मॅट्रिक होऊन मी वडिलांबरोबर शेतीच करत होतो. जपानी पद्धतीची भातशेती शिकायला सरकारने काही शेतकऱ्यांची मुलं पाठवली, त्यांत माझी निवड झाली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तरी गेलो.

तिथे आम्हाला एकेका शेतकऱ्याच्या घरी ठेवलं होतं. माझ्या वाट्याला एक म्हातारं जोडपं आलं. त्यांचा एकुलता मुलगा लढाईत गेला होता. त्याचे रबरी बूट मी वापरत होतो, त्याच्या खोलीत झोपत होतो आणि त्याचंच कोळपं शेतात चालवत होतो.

हे कोळपं आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. लांब लाकडी दांडा आणि पुढे दातेरी लोखंडी चाकं. ओळीत लावलेल्या भातामधून ते मागेपुढे ढकलत न्यायचं. गवत उपटून चिखलात गाडलं जातं आणि माणूस उभ्याने चालत राहतो. आमच्या गावात बेणणीला बायका दिवसभर चिखलात वाकून हाताने गवत काढत. पहिल्या दिवशी मी ते ढकलत बांधाला पोचलो तेव्हाच ठरवलं होतं, काहीही होवो, असं एक कोळपं घरी न्यायचं.

निघायच्या आधी जेवताना मी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, "असं कोळपं विकत कुठे मिळेल?"

म्हातारीने हातातला वाडगा खाली ठेवला. "दुकानातलं कशाला? हेच घेऊन जा."

म्हाताऱ्यानेही आपला वाडगा ठेवला. जेवण अर्धवट टाकून उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं, माझं चुकलं. मुलाच्या मोजक्याच वस्तू त्यांच्याकडे उरल्या होत्या, त्यांतली ही एक. मी म्हातारीला म्हटलं, "नको. मी दुकानात बघतो." ती म्हणाली, "आधी जाऊन बघ तो काय करतोय ते."

तो गोठ्याशेजारच्या खोपीत बसला होता. चाकांना तेल घालून झालं होतं. दात कुठे बाहेर राहू नयेत म्हणून तो त्यांच्यावर भाताच्या पेंढ्याची दोरी घट्ट गुंडाळत होता. मी शेजारी बसलो. त्याने दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "ओढून धर." आम्ही दोघांनी मिळून ते बांधलं.

बंदरावर आमच्या तुकडीबरोबरच्या साहेबांनी ते पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, असली कोळपी सरकार मागवणारच आहे. हे ओझं इथेच राहू द्या."

"सरकारची येतील तेव्हा येतील," मी म्हटलं. "हे मी नेणार."

"बोटीत जागा नाही."

"मी माझ्या बिछान्यात ठेवतो."

आणि तसंच केलं. परतीचा प्रवास लांबला, समुद्रही खवळलेला होता. कितीतरी दिवस माझ्या पोटात अन्न ठरत नव्हतं. बिछान्यावर मी एका कुशीवर आणि ते लोखंड भिंतीकडे, असे आम्ही मुंबईपर्यंत आलो. बरोबरचे हसत. बहुतेकांना परतल्यावर शेतकी खात्यात नोकरी मिळायची आशा होती. मला विचारत, तुझं काय? मी म्हणे, मला आमचं खाचर आहे. ते सोपं वाटायचं बोलायला. वडील कसे घेतील याची धाकधूक मात्र रोज होती.

मुंबईच्या गोदीत जकातीच्या माणसाने पेंढ्यात गुंडाळलेली ती लांबलचक वस्तू पाहून विचारलं, "बंदूक आहे काय?"

"गवत काढायचं यंत्र आहे, साहेब."

"आपल्याकडे गवत काढायला माणसं कमी पडली?"

"माणसं नाही काढत, साहेब. बायका काढतात."

तो हसला, पेटीवर खडूने खूण केली आणि मला सोडलं.

कल्याणहून मोटारीने मुरबाडला उतरलो तर सगळा रस्ता बैलगाड्यांनी आणि गुरांनी भरलेला. म्हशाची जत्रा चालू होती. पुढे जाणाऱ्या मोटारीत माणसाला उभं राहायला जागा नव्हती, तिथे माझी पेटी आणि कोळपं कोण घेणार? चालत जायचं तर दोन्ही उचलणं शक्य नव्हतं. ओळखीच्या शिंप्याच्या दुकानात मी पेटी ठेवायला दिली.

शिंपी म्हणाला, "अरे, पेटी ने नि ह्ये लोखंड ठेव. घरची पेटीची वाट बघत असतील."

त्याचं बरोबर होतं. पेटीत बायकोसाठी रेशमी कापड होतं, आईसाठी लोकरीची शाल होती. पण मला ठाऊक होतं, पेटी उघडली की आठवडाभर सगळा गाव बोटीच्या नि बर्फाच्या गोष्टी ऐकायला येणार. तेवढ्यात आमच्याकडे राबाची तयारी होऊन जाणार. फांद्या, पाला, शेण जमिनीवर पसरून जाळायचं आणि त्या राखेत भाताचं रोप करायचं, याला राब म्हणतात. एकदा वडिलांनी राब रचला की वर्षाची शेती ठरली. मला त्याआधी बोलायचं होतं. मी कोळपं खांद्यावर घेतलं आणि चालू लागलो.

जत्रेहून परतणारे लोक विचारत, "नवा नांगर काय रे?" मी नुसता हात करी. बूट चावायला लागले तेव्हा काढून दांड्याला बांधले.

ओटीवर आई सूप घेऊन बसली होती. कोट घातलेला माणूस अनवाणी येताना पाहून ती उठली. "कोन पायजे?" म्हणाली, आणि मग सूप तिच्या हातातून पडलं. तिने माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. "किती वाळला रे!" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती, हसत आणि डोळे पुसत.

वडील मागच्या बाजूने आले. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पेटी कुठं?"

"मुरबाडला ठेवली."

"आन् ह्यो काय आनलास?"

"सांगतो बाबा. पण आधी सांगा, राब रचला?"

"दोन दिसांत रचनार. का?"

"औंदा राब नको. माती उंच करून गादीवाफ्यावर रोप करू, शेणखत घालू. आन् लावणी दोरी धरून, ओळीत."

वडील ओटीवर बसले. "वरीसभर तिकडं राहून आला नि उंबऱ्याबाहेरूनच शिकवतो? राब नाय जाळला तर रोप व्हईल काय? माझ्या बापानं जाळला, त्याच्या बापानं जाळला."

"नाय झालं तर मी मजुरीला जाईन. पण करून बघनार."

मग माझी बायको बोलली. तोवर तिने कधी सासऱ्यांसमोर तोंड उघडलं नव्हतं. "मामंजी, एक खाचर द्या ना त्यांना. मी ऱ्हाईन संगती."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "वढ्याकडचं घे," मला म्हणाले. "पन एकच."

गादीवाफ्यावर रोप उगवलं आणि पावसाळ्यात आम्ही दोघांनी ते खाचर दोरी धरून लावलं. बांधावरून लोक थट्टा करत, भात लावताय का भिंत बांधताय? गवत उगवल्यावर कोळपायला घेतलं, तर पहिल्याच दिवशी कोळपं अडलं. जपानची माती भुसभुशीत, आमची चिकट. चाकांच्या दातांत चिखल बसे आणि ती फिरेनात. मी लोहाराकडे नेलं. त्याने एक सोडून एक दात कापून टाकला. मग ते चाललं. माझ्यापेक्षा बायकोच्या हाताला ते लवकर बसलं. मी ढकलताना रोपं मोडत, तिचं एकही मोडत नसे.

दिवाळीनंतर त्या खाचराचं भात खळ्यावर वेगळं झोडलं. रास शेजारच्या खाचराहून मोठी झाली, डोळ्यांना सहज दिसेल इतकी. वडिलांनी मूठभर भात उचललं, फुंकर मारून पाहिलं आणि परत टाकलं. त्यांनी ना शाबासकी दिली, ना मी मागितली.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी ते काथ्याचं भेंडोळं घेऊन माझ्यासमोर बसले. "वढ्याकडची तिन्ही खाचरं धरली," ते म्हणाले, "तर दोरी किती वळायला लागंल?"