तापीत धुतलेले चष्मे

ते प्रकरण मला आजही जसेच्या तसे आठवते. मी तेव्हा बुऱ्हाणपूरच्या ठाण्यात मुन्शी होतो. म्हणजे रपट लिहिणे, रोजनामचा ठेवणे व जबाब नोंदवणे ही कामे माझ्याकडे होती. पुढे नोकरी मुदतीपूर्वी सोडली आणि आता कचेरीच्या आवारात अर्ज लिहून देतो. शाळा माझी अर्ध्यावर सुटली. तथापि माझ्या हातचा अर्ज कोणा साहेबाने न वाचता बाजूला ठेवला, असे अद्याप घडलेले नाही. सबब पुढील मजकूर जबाबदारीने लिहीत आहे.

काळ राज्ये एकत्र होण्याचा. नागपूरची राजधानी सुटून कारभार भोपाळकडे चालला होता. ठाण्यातले जुने शिक्के जमा झाले होते, नवे पोहोचले नव्हते. त्याच दिवसांत शहरातील एका सेवा-क्लबाने नेत्रशिबिर योजले. त्यासाठी लालबागेत आनंदमेळा भरवला. वकिलांच्या पत्नी भजी तळत होत्या आणि हेडमास्तर पाळण्याची तिकिटे फाडत होते. त्या मिळकतीतून बाहेरगावचा डॉक्टर आणि रुग्णांचे जेवण ठरले. चष्मे मात्र सातासमुद्रापलीकडून आले. तिकडच्या एका गावात असाच क्लब होता. त्याने घरोघर फिरून वापरलेले चष्मे जमवले, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी दोऱ्याने बांधली आणि पेटी जहाजाने पाठवली. ज्यांना आमच्या गावाचे नावही धड उच्चारता येत नसेल, त्यांनी आमच्या डोळ्यांची काळजी वाहावी, या गोष्टीने मी अगदी थक्क झालो होतो.

मेळ्यात क्लबाच्या अध्यक्षांनी ती पेटी मंचावर उघडली आणि अभिमानाने सांगितले, की यांतील पुष्कळ चष्म्यांचे धनी आज हयात नाहीत. घरच्यांनी त्यांची आठवण म्हणून हे दान केले आहे. पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगा गप्प होत्या, हे मी पाहिले होते. पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

शिबिराच्या आदल्या दिवशी सकाळी इतवाऱ्यातील धर्मशाळेतून ती पेटी नाहीशी झाली. कुलूप शाबूत होते आणि चावी एकट्या चौकीदाराकडे असे. अध्यक्ष त्याला घेऊनच ठाण्यात आले.

"मुन्शीजी, रपट लिहा. चोर समोर उभा आहे."

फोपनार गावाच्या बाजूने रुग्णांच्या बैलगाड्या निघाल्या होत्या. डॉक्टर दुपारच्या गाडीने उतरून दुसऱ्या संध्याकाळी परतणार होते. चष्मे मिळाले नाहीत, तर ही सारी माणसे चाचपडत आली तशीच चाचपडत परत जाणार होती. ठाणेदार साहेब खंडव्याला गेलेले असल्याने चौकशी माझ्यावर आली.

"चावी कोणाला दिली?"

"कोणाले नाही, साहेब."

"मग पेटीला पंख फुटले का?"

चौकीदाराने उलट विचारले, "उद्या शिबिर होईन ना?"

माझा अनुभव असा, की चोरी केलेला माणूस आधी जामिनाचे विचारतो, निर्दोष माणूस घरी निरोप धाडायला सांगतो. हा दोन्ही विचारीत नव्हता. हा कोणाला तरी पाठीशी घालत होता.

तेवढ्यात एक धोबी तक्रार घेऊन आला.

"मुन्शीजी, गरिबाले आता धुवायचा दगडही नाही का? चार बाया सकाळपासून राजघाटावर माझा दगड अडवून बसल्या. ना लुगडं, ना धोतर. राखेनं काय तरी चकचक घासून राहिल्या."

"भांडी घासत असतील."

"भांड्याले कानावर अडकवायच्या काड्या असतात का?"

चौकीदाराने डोळे मिटून घेतले. मी त्याला सोबत घेऊन घाटावर गेलो. पायऱ्यांवर एक धुवट लुगडे पसरले होते आणि त्यावर चष्म्यांच्या रांगा उन्हात वाळत होत्या. इतक्या काचा एकदम आकाशाकडे पाहताना मी कधी पाहिल्या नव्हत्या. चौकीदाराची बायको शेजारणींसह उरलेले चष्मे खंगाळत होती.

"ही चोरी आहे, मावशी."

"चोरी कायची, भाऊ? मेल्या माणसाची चीज तापीत घातल्याबिगर कोणी अंगाले लावते का? गल्लीतले सगळे म्हणत होते, आपण नाही जायचं. मेलेल्याच्या चष्म्यातून मेलेलेच दिसतीन. म्हटलं, धुऊन टाकू, मंग येतीन."

"नवऱ्याला विचारायचे."

"यांना विचारलं असतं तर यांनी धर्मशाळेच्या शेठले विचारलं असतं, शेठनं मोठ्या साहेबाले. तोवर ते आंधळे मरून गेले असते. चावी मीच खुंटीवरून काढली."

"आणि नंबराच्या चिठ्ठ्या?"

"ते कागद? ते तापीमायनं नेले."

दुपारी धर्मशाळेत डॉक्टरांनी ती चकचकीत रास पाहिली आणि कपाळाला हात लावला. एकेक काच मोजायला दोन दिवस लागतील, असे ते म्हणाले.

तेथे एक कारागीर आपल्या थोरल्या भावाचे डोळे दाखवायला आला होता. जरीची तार ओढणे हा त्याचा धंदा. तो पुढे झाला.

"डॉक्टरसाहेब, आमचं काम केसाहून बारीक तारेचं. जाडी आम्ही नजरेनं सांगतो. काच वर धरली की तार फुगते. जास्त फुगली, ती काच जास्त जोराची. ढीग लावून देऊ का?"

"लावा. तोवर मी चहा घेतो," डॉक्टर हसून म्हणाले.

त्याने कारखान्यातून आणखी तिघांना बोलावले. पांढऱ्या कापडावर सोन्याच्या मुलाम्याची तार ताणली आणि प्रत्येक चष्मा तिच्यावर एक वीत उंच धरून चौघे पाहू लागले. ऊन उतरेपर्यंत ढीग लागले. डॉक्टरांनी प्रत्येक ढिगातून चारदोन चष्मे उचलून आपल्या काचांशी ताडून पाहिले. चूक निघाली नाही. शेवटी त्यांनी स्वतःचा चष्मा काढून दिला.

"हा कशा नजरेच्या माणसाचा, सांगा."

कारागिराने तार पाहिली. "यात तार उलट बारीक झाली. ज्याचा आहे, त्याला जवळचं दिसतं, लांबचं दिसत नाही."

डॉक्टर उठून उभे राहिले व त्यांनी त्याला नमस्कार केला. मी अनेक मोठे अधिकारी पाहिले आहेत. पण कोणापुढे न उठणारा माणूस असा उठलेला तेवढाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी रांगेत सर्वांत पुढे चौकीदाराची गल्ली होती. मी रोजनामच्यात नोंदवले: पेटी मालासह मिळाली, चोरी झाल्याचे आढळले नाही. अध्यक्षांनी माझ्यादेखत चौकीदाराचे दोन्ही हात हातात घेतले.

या प्रकरणाने मला शिकवले, की माणसाने काय केले हे तपासात कळते. ते कोणासाठी केले, हे मात्र त्याच्याजवळ बसूनच विचारावे लागते. मी ते ठाण्यात शिकायला हवे होते, घाटावर शिकलो.

क्लब परदेशी आभारपत्र धाडणार, हे कळताच चौकीदाराची बायको माझ्याकडे आली. तिला त्यात आपलेही चार शब्द घालायचे होते.

"लिहा, तुमच्या माणसांच्या चिजा न विचारता धुतल्या, राग मानू नका. आम्ही आमच्या गेलेल्या माणसाले तापीचं स्नान घडवतो, तसं त्यांनाही घडवलं. त्यांचं काही करायचं राहिलं नाही. तुम्ही निवांत राहा."

मी ते लिहून घेतले आणि सवयीने विचारले, "शेवटी मागणी काय लिहू, मावशी?"

"मागणी कायची, भाऊ? त्यांच्या घरचं माणूस गेलं ना."

हजारो अर्ज लिहिणाऱ्या या हाताने मागणीची ओळ कोरी ठेवली ती त्या एकाच कागदावर.