बापाचं नाव पुस म्हणाले

“घरात माणसं किती? फळ्यावर लिही.”

मुंबईहून आलेले मनाचे डॉक्टर मास्तरांच्या खुर्चीत पाय पसरून बसले होते. आठवीचा अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. फळ्यावर रंगीत खडूने डॉक्टरांचं नाव, ठळक अक्षरात. त्याच्या खाली मी लिहिलं. बापूस, आई, दोन भाऊ, मी. पाच.

हेडमास्तर हसले. “हिचा बाप चार महिन्यांपूर्वी बुडाला, साहेब. तेव्हापासून ही वर्गात तोंड उघडत नाही. म्हणून तर तुम्हाला दाखवली.”

“मेलेला माणूस मोजतेस?” डॉक्टर म्हणाले. वर्ग खिदळला.

मी तेरा वर्षांची. जासईच्या पुढे खाडीकाठी आमचं घर. आमच्यात खाडीत गेलेल्याची कुडी हाती लागत नाही, तोवर माणूस घरातून कमी करत नाहीत. आईच्या हातात बांगड्या होत्या. संध्याकाळी बापसाचं ताट वाढलं जायचं. हेडमास्तर त्याच तालुक्यातले, त्यांना हे सगळं ठाऊक होतं. तरी हसले. त्याचा राग मला डॉक्टरांपेक्षा जास्त आला.

चार महिन्यांत मी पहिल्यांदा बोलले. “माजा बापूस मेला नाय. खाडीनं दिला नाय अजून.”

डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं. “बुद्धी मंद दिसते. हे नाव पुस. पुसलंस तर शाळेत राहशील. नाहीतर मी लिहितो, घरी पाठवा.”

मला शाळा हवी होती. जीव तोडून हवी होती. बापूसच मला होडीतून शाळेला सोडायचा.

मी डस्टर उचललं. टाचा उंचावल्या आणि रंगीत खडूचं ते ठळक नाव पुसून टाकलं. खाली आमची पाच तशीच ठेवली.

हातावर छड्या बसल्या. हजेरीतून नाव गेलं. मॅट्रिक मी घरी बसून, बाहेरून दिली. आता आमच्याच गावच्या शाळेत शिकवते. कुणी पोर अचानक गप्प झाली, तर तिच्या बाकावर जाऊन बसते. काही विचारत नाही.

त्या दोघांना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. माझ्या पोरींना तपासायला असा कुणी साहेब आलाच, तर आधी त्याच्या हातात खडू देईन. तुमच्या घरातली नावं लिहा म्हणेन, गेलेलीसुद्धा. मग डस्टर पुढे करेन. म्हणेन, पुसा.