टेपखाली गेलेलं बोट

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते मूर्तिजापूरच्या आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांचे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना ते रोज मैदानावर फुकट शिकवायचे. त्याच सरांनी मध्यंतरी मैदानावर जाणं सोडलं, आणि त्याला कारण मी होतो.

मी बी.ए. झालो, घरातला पहिलाच. भरतीसाठी सरांकडे गेलो. दुसऱ्या चकरीतच गुडघ्यांवर हात टेकायचो.

"काहून बे, रात्री चोऱ्या करायले जातं काय?"

"सर, छातीत धडधडते."

"धडधडते म्हणूनच जित्ता हायेस. पय!"

मी पळायचो. सगळ्यांनाच असं होत असेल, असं मला वाटे.

एक दिवस सरांनी छाती मोजली. माप भरलं, पण त्यांचं बोट टेपखाली सहज आत गेलं.

"बनियन काढ."

माझ्या छातीच्या मधोमध जन्मापासून खळगा आहे. लहानपणी आई त्यात कोमट तेल ओतून चोळायची, भरून येईल म्हणायची. मोठा झाल्यावर लाजेनं मी कुणासमोर बनियन काढलं नाही.

"डॉक्टरले दाखवलं नाही काय?"

"दाखवलं ना. दम्याचं औषध देल्लं."

"बनियनवरून?"

मी बनियन परत अंगात घालू लागलो. सर पायरीवर बसले.

अकोल्याला तेच घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, मधलं हाड आत वळल्यानं हृदय डावीकडे सरकून दबलं आहे. बसल्या जागी जाणवत नाही. पळताना मात्र हृदयाला भरायला आणि फुफ्फुसांना फुलायला जागा पुरत नाही. ऑपरेशन करा, भरती विसरा.

परतीच्या गाडीत सर एवढंच बोलले, "आन् मी तुले पयवलं." दुसऱ्या दिवसापासून ते मैदानावर गेले नाहीत.

ऑपरेशन अमरावतीला झालं. तिथल्या दवाखान्यातून मी त्यांना लिहिलं:

"आदरणीय सर, सा. न.

छातीत स्टीलची पट्टी आहे. कुशीवर झोपता येत नाही, शिंकलं तरी दुखतं. फार कंटाळलोय. पण काल दवाखान्याचा जिना न थांबता चढलो. इतरांना जिना एवढाच असतो, हे मला माहीतच नव्हतं.

तुम्ही पळवलं नसतं, तर मोजलंही नसतं. पोरं मैदानावरून परत जातात, असं कळलं. उद्या जा, सर. फक्त पळवायच्या आधी प्रत्येकाला बनियन काढायला लावा.

आपला विद्यार्थी"