साडेसहा-सोळाचे टायर

त्या वर्षी माझं पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरात होतं. युनिटच्या वर्कशॉपमध्ये मी मेकॅनिक, हुद्दा हवालदार. सकाळी सहाला फॉल-इन, सातपर्यंत गाड्यांची तपासणी, मग ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ लिहून सही. माझ्या सहीशिवाय चाक हलत नसे, आणि त्याचा मला भलताच तोरा होता.

आमच्या जीपना सहा-सोळाचे टायर लागत. टायर सहा इंच रुंद, रिम सोळा इंची. एकदा स्टोअरमध्ये ते संपले, साडेसहा-सोळाचे पडून होते. रिम तीच, टायर अर्धा इंच रुंद आणि थोडा उंच. मी तेच चढवले. असा मोठा टायर चढवला की आम्ही त्याच्या कडेला खडू फासायचो, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवायचो आणि खाली वाकून बघायचो. स्प्रिंगच्या पाट्यांना किंवा मडगार्डला पांढरं लागलं, तर टायर घासतोय. अशा गाडीचं स्टिअरिंग ऐन वळणावर अडतं. पांढरं कुठे लागलं नव्हतं. मी ‘फिट’ लिहिलं.

पण जीप रिकामी होती. माल भरला की पाटे दबतात, चाक वर सरकतं. म्हणून भरलेली गाडी तपासायची, हा नियमच. सकाळी निघायची घाई होती. म्हटलं, अर्ध्या इंचानं काय होतंय!

गाडी घेऊन निघाला नायक सदाशिव मोरे. साताऱ्याकडचा, माझा जिवाभावाचा दोस्त. रोज चिडवायचा, “लोपीस, तुझ्या वसईची केळी कधी खायला घालणार, का नुसत्याच गप्पा?” मागे रेशन आणि रॉकेलचे कॅन. सात चाळीसला गेटमधून बाहेर पडला. सव्वाआठला वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला.

“तीसरा मोड पार. ओव्हर.”

“रॉजर. पहुँचते ही बताना. ओव्हर.”

पुढे काही आलं नाही. चौथ्या वळणावर जीप दरीत गेली होती.

चौकशीत निघालं की रस्त्याची कड खचली. मला विचारलं, टायर तपासले होते? मी म्हणालो, “खडू लावून तपासले, सर.” रिकाम्या गाडीवर की भरलेल्या, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते जे मानेवर बसलं, ते बसलंच.

निवृत्त होऊन वसईत, सांडोरला घरी आलो. आता केळीची बाग बघतो. सदाशिवची मुलगी स्नेहल लग्नानंतर इथे जवळच आचोळ्याला राहते, शाळेत शिकवते. नाताळला न चुकता येते. तिला केक देताना मी तिच्याकडे बघायचं टाळायचो.

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही चर्चमधून, मिस्साहून परतलो, तर दारात जुनी जीप. तीच बनावट. शेजारी स्नेहल, हसत उभी.

“लोपीसकाका, बाबांची होती तशीच गाडी घेतली बघा! सहा-सोळा मिळाले नाहीत, म्हणून साडेसहा-सोळा बसवलेत. चालतील ना?”

“काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!”

“अहो, पोरीच्या अंगावर काय जाताय असं?” माझी बायको मार्था म्हणाली.

मग अंगणातच सगळं सांगून टाकलं. खडू, रिकामी जीप, माझी सही. वाटलं, संपलं, ही आता पुन्हा आपल्या घराची पायरी चढणार नाही.

“त्या दिवशी गाडीत वजन किती होतं?” तिनं विचारलं.

“शेणखताच्या सहा गोण्यांइतकं असेल.”

“मग भरा गोण्या. खडू माझ्या पर्समध्ये असतोच.”

सहा गोण्या भरल्या. मी टायरना खडू फासला. पुढचं एक चाक बागेच्या बांधावर चढवलं, पाटे पार दबले. ती स्टिअरिंगवर, मी जीपखाली उताणा.

“लेफ्ट, फुल लॉक!”

“लेफ्ट फुल!”

“राइट!”

“राइट फुल!”

टॉर्च मारला. पांढरं नाही. मग दुसरं चाक बांधावर घेतलं, आणखी दोन गोण्या टाकल्या आणि वर मार्थाला बसवलं. “मलाही शेणखतात धरलंत का?” ती वरून करवादली. पुन्हा बघितलं. टायर आणि पाट्याच्या मधे माझी दोन बोटं आरामात जात होती.

“काका, कुठे लागलं?”

“कुठेच नाही गं.”

आणि तिथेच, जीपखाली, मी हमसून हमसून रडलो. इतक्या वर्षांनी छाती मोकळी झाली. सदाशिव माझ्या टायरनं गेला नव्हता.

स्नेहल खाली वाकली. “आई शेवटपर्यंत विचारायची, लोपीसभावजी माझ्याशी नजर का चुकवतात.” त्या माउलीची माफी मागायची राहूनच गेली.

“आता सही करा,” स्नेहल म्हणाली. मी बॉनेटवर खडूनं लिहिलं: फिट. भरून तपासली. लोपीस.

निघताना मागच्या सीटवर केळ्यांचा अख्खा घड ठेवला. म्हटलं, “हा तुझ्या बाबांच्या वाट्याचा. पोहोचलीस की सांग.”

पाऊण तास मी ओट्यावर फोन हातात धरून बसलो. जेवायला उठलो नाही, मार्थानंही हाक मारली नाही. मग फोन वाजला.

“पोहोचले, काका.”

नायक सदाशिव मोरे पोहोचला नव्हता. त्याची लेक पोहोचली.

“रॉजर,” मी म्हणालो.